धूर नाई ना त्याच्यात

दादाला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बिडी, सिगारेट?" दादा म्हणाला, "कधीच नाई." ते खरं होतं. वहिनी, तिचा भाऊ आणि मी खाटेशी उभे होतो. आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. डॉक्टर बाहेरगावचे, नवीन. खर्र्याचं विचारायचं त्यांना सुचलं नाही आणि सांगायचं आम्हाला सुचलं नाही. आमच्याकडे खर्र्याला तंबाखू म्हणून कुणी धरतच नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, चिमूटभर गालात ठेवायचा. पाहुणा आला की आधी चहा, मग खर्रा. दादाचा गाल झोपेपर्यंत रिकामा नसे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दादाचे दात पाहिले आणि ते भडकले. म्हणाले, "धूर असो वा नसो, निकोटीन रक्तात जातंच. नाडी पळते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात. या हृदयाला ते झेपणार नाही. यापुढे चिमूटभरसुद्धा नाही."

वहिनीच्या भावानं हे सगळं ऐकलं. मुलांचा मामा म्हणून आम्हीही त्याला मामाच म्हणायचो. धानोऱ्याच्या बसस्टँडजवळ त्याचा पानठेला होता. त्याच संध्याकाळी केळ्यांच्या पिशवीत तो दादासाठी पुडी घेऊन आला. मी ती हिसकावली, तर म्हणतो कसा, "काऊन तापून राह्यले भाऊ? धूर नाई ना त्याच्यात."

या वाक्याचा सूड घ्यायचा, हे मी तिथंच ठरवलं.

मी कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात वजनकाट्यावर होतो. ट्रकवाला कितीही ओरडो, काटा दाखवील ते खरं. मामाशीही काट्यानंच भांडायचं होतं. मी रक्तदाब मोजायचं यंत्र विकत घेतलं आणि कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून ते लावायला शिकलो.

पुतणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, संधी मिळाली. जेवणं झाली, मंडपात दोन्हीकडचे पाहुणे टेकले, आणि मामा मधोमध बसून खर्रा घोटू लागला. पहिला मान दादाचा. "घ्या भाऊजी, पोरीचं साक्षगंध आहे." दादाचा हात पुढे आला.

मी मध्ये बसलो. "थांबा मामा. आधी तुमचा हात द्या."

त्याला वाटलं, गंमत आहे. त्यानं बाही वर केली. मी मोठ्यानं आकडा सांगितला, एकशे चोवीस. "आता खा." त्यानं ऐटीत गाल भरला. गप्पा चालू होत्या, मी घड्याळ पाहत होतो. थोड्या वेळानं पुन्हा पट्टा आवळला. एकशे सेहेचाळीस. नाडीही भरभर पळत होती.

"मामाचं इंजिन गरम झालं रे!" कुणीतरी ओरडलं.

"मशीन खराब असन," मामा म्हणाला.

"वापस लावा भाऊ, मामाले पटून नाई राह्यलं."

पुन्हा लावलं. आकडा तोच. मामाचा चेहरा उतरला, त्यानं मंडपाबाहेर जाऊन पिचकारी टाकली. इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात नवऱ्याकडच्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "आता तुमचं लावा ना, भाऊ."

मी माझ्या दंडाला पट्टा बांधला. एकशे अठ्ठावन्न.

मंडप हसून लोटपोट झाला. परत आलेला मामा सगळ्यात जोरात हसला. "भाऊ, तुमी तं खर्रा खात नाई! मंग तुमाले काय झालं?"

दादाही हसत होता. हसता हसता त्यानं पन्नीतून चिमूट उचलली आणि गालात ठेवली. मला म्हणाला, "जाऊ दे ना रे. मशीनले काय कळते?"

त्या हिवाळ्यात दादाला दुसरा झटका आला. या वेळी दवाखाना गाठता आला नाही. घाटावर मामा धाय मोकलून रडला, आणि लाकडं रचेपर्यंत लोकांना खर्रा वाटत बसला. त्याचं रडणं खोटं नव्हतं. तरी मी त्याला माफ केलं नाही.

धानोऱ्याला गेलो की यंत्र पिशवीत घालून मी त्याच्या ठेल्यावर जातो. गिऱ्हाइकं जमू देतो. मग विचारतो, "मामा, मोजू का?" तो मान खाली घालून घोटत राहतो. एखादं गिऱ्हाईक विचारतं, हे काय मोजतात? मी दादाचं सगळं सांगतो, धुराच्या वाक्यासकट. कुणी पुडी न घेता निघून जातं. बहुतेक घेऊनच जातात.

मला आता रोज सकाळी रक्तदाबाची गोळी लागते. मी खर्रा कधी तोंडात धरला नाही. ही गोळीही मी मामाच्याच खात्यावर मांडतो.