दोन मिनिटांची कॉपी

वाचायला मी पत्रकांवर शिकले. वडील तलासरीच्या बाजारात पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यावर बसून मी अक्षरं जोडायची. आमच्या घरात एक नियम होता. पत्रकाचा मूळ कागद आमच्याकडे राहिला, तर त्याची प्रत दुसऱ्या पाड्यावरच्या घरात जायची. छप्पर गळतं, घुशी कागद कुरतडतात, कधी झडती होते. पण दोन घरांवर एकाच दिवशी संकट येत नाही, असं वडील म्हणायचे.

त्यामुळे २०१६ साली डहाणूतल्या एका व्हिडिओच्या दुकानात लग्नांचं एडिटिंग करायला लागले, तेव्हा दुसरी हार्ड डिस्क कशाला असते हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. तिच्यावर काय नसतं, ते मात्र मी पाहिलं आणि पेटले.

दुकानाचे मालक गुजराती शेठ, शांत माणूस. एडिटिंग चालू असलेल्या लग्नांची कॉपी ते रोज संध्याकाळी स्वतः दुसऱ्या डिस्कवर घेत. पण ती फक्त बोर्डीकडच्या चिकूवाडीवाल्यांची लग्नं. पाड्यावरची लग्नं पहिल्या डिस्कवर एकटी पडलेली. मी कारण विचारलं तर जागा पुरत नाही म्हणाले. मग खरं ते बोलले.

"वाडीवाला भांडायला येईल, बेन. पाड्यावरचा माणूस येईल का?"

मी त्या दुपारी पत्रक लिहिलं आणि कॉम्प्युटरच्या मागच्या भिंतीवर चिकटवलं. मथळा होता, 'चालू कामाची प्रत सर्वांना सारखी'. पत्रकाला निदान तीन मागण्या तरी हव्यात, आणि माझ्याकडे दोनच होत्या, म्हणून तिसरी चहात साखर कमी घालण्याची लिहिली. शेठनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि तेव्हापासून मी त्यांची पुढारीणबेन झाले. पण जागेच्या कारणावरून मी त्यांना सोडलं नाही. वाडीवाल्यांची लग्नं तीन-तीन कॅमेऱ्यांची, पाड्यावरचं लग्न एका कॅमेऱ्याचं. जागा खातं कोण? पाड्यावरच्या कामाची कॉपी तू सांभाळ, शेठ म्हणाले.

मी सांभाळू लागले. रोज पाच वाजता 'प्रोजेक्ट' नावाचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर टाकायचं. काम दोन मिनिटांत व्हायचं. दोन मिनिटं लागतात आणि तुम्ही जागेचं रडगाणं गात होतात, असं मी शेठना दोनदा तरी ऐकवलं.

याच दिवसांत तलासरीच्या एका पाड्यावर लग्न होतं. कॅमेरामनबरोबर माइक धरायला मी गेले. आमच्याकडे पाड्यावरचं लग्न बाई लावते, तिला धवलेरी म्हणतात. ती गाते आणि गाण्यातच लग्न लागतं. ते गाणं कुठे लिहिलेलं नाही. ही धवलेरी म्हातारी होती, मधूनमधून खोकत होती. शेजारी तिच्याकडे शिकणारी एक बाई बसली होती, म्हातारीच्या ओठांकडे बघत. जेवणं झाल्यावर म्हातारीने मला जवळ बोलावलं. माझा गळा पुढच्या वर्षी असेल-नसेल, म्हणाली, मग हिने कशावरून शिकायचं? तुझ्या यंत्रात राहील ना?

"राहील, आजी. दोन ठिकाणी ठेवते."

चौथ्या दिवशी सकाळी पहिली डिस्क कटकट आवाज करू लागली आणि थोड्या वेळात कॉम्प्युटरला दिसेनाशी झाली. शेठ डोक्याला हात लावून बसले. मी मात्र ताठ होते. दुसरी डिस्क लावली, ते लग्न उघडलं. सगळे कट जागच्या जागी होते, नावंसुद्धा. आणि चित्राच्या जागी लाल चौकट. पुढचा तुकडा लाल, त्याच्या पुढचाही लाल. 'मीडिया ऑफलाइन'.

प्रोजेक्टच्या फाइलमध्ये चित्र नसतं. कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत घ्यायचा, एवढीच नोंद असते. शूटिंग 'कार्ड' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये होतं. शेठ दोन्ही फोल्डर घ्यायचे, म्हणून त्यांना तास लागायचा. वाडीवाल्यांची लग्नं उघडून पाहिली, ती जशीच्या तशी होती. ज्यांच्यासाठी मी भांडले, त्यांचंच गेलं होतं, आणि माझ्या हातून.

शेठना कार्डं आठवली. कॅमेऱ्याची कार्डं आमच्याकडे पुढच्या लग्नाच्या जागी गेल्यावरच पुसत, आणि कॅमेरामन तासाभरापूर्वीच चिंचणीला गेला होता. फोन लागत होता, उचलत कोणी नव्हतं. मी एसटी पकडली.

चिंचणीत बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या पलीकडे मांडव होता. हळद लागत होती आणि कॅमेरामन एका स्टुलावर चढला होता. मी खालून त्याचा शर्ट ओढला.

"मोर्चा इथपर्यंत आणलास, पुढारीण?"

"कार्डं पुसलीस?"

"एक पुसलं. तेच चालू आहे."

दुसरं त्याच्या खिशात होतं. ते मी काढून घेतलं आणि परतीच्या बसमध्ये डहाणूपर्यंत मुठीत धरून बसले.

दुकानात ते उघडलं. लग्नाचा दुसरा अर्धा भाग त्यात होता. गेली ती सुरुवात, देवांना लग्नाला बोलावण्याचं गाणं.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले. बिघाडावर ढकलता आलं असतं, पण कोणाची चूक आहे हे लपवणाऱ्यांविरुद्धची पत्रकं वाचत मी मोठी झाले होते. चूक माझी आहे, असं नवरीच्या आईला सांगितलं, म्हातारीला सांगितलं. म्हातारी हसली. सुरुवातीला मी चुकतेच, ती गेली ते बरं झालं, म्हणाली. शिकणारी बाई हसली नाही.

"मला सुरुवातच येत नाही," ती म्हणाली.

आता इथे बसून म्हणता का, मी रेकॉर्ड करते, असं मी विचारलं. म्हातारीने साफ नकार दिला. मांडव नाही, नवरा-नवरी नाहीत. "देव येतील आणि विचारतील, नवरी कुठाय? मी काय सांगू, तुझी डिस्क बिघडली?"

आठ दिवसांनी पलीकडच्या पाड्यावर तीच लग्न लावणार होती. तिथे व्हिडिओची ऑर्डर नव्हती. मी शेठकडे कॅमेरा मागितला. ऑर्डर कोणाची, त्यांनी विचारलं. माझी, म्हटलं. त्यांनी कॅमेरा दिला आणि एक जास्तीचं कार्ड बॅगेत टाकलं.

त्या लग्नात मी जेवले नाही, कोणाशी बोलले नाही. म्हातारीने घोटभर पाणी घेऊन देवांना बोलवायला सुरुवात केली, तेव्हापासून कॅमेरा स्टँडवर चालू ठेवून माइक हलू दिला नाही. मध्ये तिला खोकला आला, तोही ठेवला.

तिथून थेट दुकानात आले. दोन्ही फोल्डर दुसऱ्या डिस्कवर टाकली. पस्तीस मिनिटं लागली, घरी जायची तलासरीची शेवटची जीप निघून गेली. मग पहिली डिस्क काढून शेठच्या हातात दिली आणि फक्त दुसरी लावून एकेक तुकडा उघडला. लाल काही नव्हतं. म्हातारी दिसत होती, आवाज येत होता.

भिंतीवरचं पत्रक मी काढलं आणि नवं लावलं. त्यात एकच मागणी होती, आणि ती माझ्याकडेच केलेली होती: 'पहिली डिस्क काढा, मग दुसरी उघडून बघा. रोज.' शेठनी खाली गुजरातीत 'मंजूर' लिहिलं. साखर तेवढीच राहिली.

पुढच्या वर्षी मी पुन्हा तलासरीच्या त्या पहिल्या पाड्यावर, एका लग्नात माइक धरून उभी होते. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, गळ्याला फडकं गुंडाळून. रेकॉर्डिंग मी शिकणाऱ्या बाईच्या मोबाइलवर घालून दिलं होतं, आणि त्यावरून शिकलेली सुरुवात तिने एकटीने म्हटली. एका जागी ती अडली, डोळे मिटून थांबली आणि बारीकसं खोकली. अगदी त्याच जागी, जिथे आमच्या रेकॉर्डिंगमध्ये म्हातारी खोकली होती. म्हातारीने माझ्याकडे रागाने पाहिलं. बाई पुढचं गाऊ लागली होती.