काकूंनी राखलेला ओढा

ओढ्याकाठच्या त्या गोठ्यात काकूंचा शब्द चालायचा. काका दूध पोचवायचे. पण कोणती गाय विण्याला आली, कोणती आटणार, हे काकूच नुसती चक्कर मारून सांगायच्या. आपल्या गोठ्याला कुणी नावं ठेवू शकत नाही, याचा त्यांना भारी अभिमान.

त्या अभिमानाला धक्का दिला धाकट्या जावेनं. ती ओढ्याच्या खालच्या अंगाला राहायची. एका दुपारी तिनं पाण्याची बादली आणून काकूंपुढे ठेवली. पाणी हिरवट, वर शेणाचा वास.

"ताई, पोरांची पोटं सारखी बिघडतात. हे तुमच्याकडून वाहत येतंय."

काकूंना झोंबलं. त्या उठून काठानं चालत गेल्या. गुरं ओढ्यात उभी होती. तिथंच पिणं, तिथंच शेण. खुरांनी काठ ढासळला होता आणि उकिरड्याचं काळं पाणी झिरपत ओढ्यात उतरत होतं. हे रोजचंच होतं, पण आज पाहवेना. संध्याकाळी त्यांनी जावेकडे आपल्या विहिरीचं पाणी पाठवलं, आणि ते रोज जाऊ लागलं.

मग त्यांनी काकांना सांगितलं, की ओढ्याला कुंपण घालायचं. काकांनी कपाळाला हात लावला. जन्मभर ओढ्यावर प्यालेली गुरं आता काय नळाखाली ओंजळ धरणार, असं त्यांनी विचारलं.

"धरू देत. नळ मी सोडीन," काकू म्हणाल्या.

कुरकुरत का होईना, काकांनी खांबांचे खड्डे खणले. वरच्या माळावर हौद बांधला, विहिरीवरून नळ आणला. उकिरडा काठापासून लांब, पत्र्याखाली पक्क्या खड्ड्यात गेला. कुंपण आणि पाणी यांच्यामधल्या पट्ट्यात काकूंनी गवत आणि झुडपं लावली. काकू म्हातारपणी ओढ्याची बाग करताहेत, असं शेजारी हसून म्हणायचे.

गुरं मात्र ऐकेनात. ती कुंपणाशी हंबरत राहिली आणि तांबड्या गाईनं तर खांबच आडवा केला. काकूंनी तो पुन्हा ठोकला, तांबडीला दाव्यानं हौदाशी नेलं आणि पाठ थोपटत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं तिनं पाण्याला तोंड लावलं. तिच्यामागून बाकीची आली.

पुढच्या पावसाळ्यात ओढा फुगला. वरच्या शेजाऱ्याचा काठ खचून कुरणाचा तुकडा वाहून गेला. काकूंच्या हद्दीत गवतानं माती घट्ट धरून ठेवली होती. पूर ओसरल्यावर पाणी लवकर निवळलं. जाऊ मुद्दाम सांगायला आली, की आता पाण्याला वास येत नाही. ती ते उकळून वापरते आणि पोरं धडधाकट आहेत.

वरचा शेजारीही आला. काकांनी त्याला काठानं फिरवलं. "हे सगळं हिचं डोकं बरं का," असं ते झुडपाझुडपापाशी सांगत होते. काकू गोठ्याच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचा ऊर भरून आला. शेजाऱ्यानं काकूंना दबकत विचारलं, आमच्याकडचा काठ बघायला याल का?

काकूंनी हात धुतले आणि त्याच्या पुढे चालू लागल्या.