फ्लेक्सवरची भरारी

करीदिन, सकाळ. चौकातल्या चहाच्या टपरीवर हजर: आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष काकू, टपरीवाले मामा आणि गटाची सचिव म्हणून मी. गैरहजर: समोरचे फ्लेक्सवाले भाऊ. विषय एकच, भाऊंच्या मुलीचा चौकातला फ्लेक्स कोणी उतरवायचा. चांगलं काम करीदिनाला कोणी काढत नाही. हे काम चांगलं नव्हतंच.

पण आधी भाऊ. शेवगावात फ्लेक्सवाले पुष्कळ, तुमच्याही गावात असतील. गिऱ्हाईक मजकूर सांगू लागलं की आमचे भाऊ उजवा तळहात जरासा तिरका करून संथपणे वर न्यायचे आणि विचारायचे, “भरारी टाकू का?”

विचारायचे, पण उठसूट कोणालाही द्यायचे नाहीत. बारावी पास झालेल्याला नुसतं ‘अभिनंदन’. सरकारी नोकरी लागली की ‘उत्तुंग भरारी’. डॉक्टर झाला तर ‘गगनभरारी’. सोसायटीची निवडणूक जिंकलेल्या एका पॅनेलने भरारीचा हट्ट धरला, तेव्हा भाऊ म्हणाले, “तुमाला घोडदौड देतो. जमिनीवरच बरं तुमचं.” पॅनेल हसलं आणि घोडदौड घेऊन गेलं.

पेपरात ‘कांद्याच्या दराची भरारी’ छापून आलं की मला मुद्दाम हाक मारून दाखवायचे. “ताई, कांद्याला पंख हायेत का? आठ दिसांत परत मातीत.” दहावीच्या परीक्षेला भरारी पथक आलं की म्हणायचे, “पथक बसतंय जीपमधी. भरारी घेत्यात पोरं, खिडकीतून.”

मग खरी भरारी कोणती? ते दुकानाबाहेर येऊन आभाळाकडे बोट करायचे. दुपारच्या उन्हात वर घार असायचीच. “बघा, पंख हालतोय का? एकदा वर गेली की हवाच तिला धरती. फडफड करती ती कोंबडी.”

आणि एक नियम. नोकरीचा फ्लेक्स अंतिम यादी लागल्याशिवाय छापायचा नाही. माझ्या पुतण्याच्या वेळी मी घाईने गेले, तर परत पाठवलं. “तात्पुरत्या यादीवर भरारी न्हाई, ताई. उतरवताना लई जड जातं.”

त्यांची मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे पैठण रोडने पळायची. वयात बसणारी ही शेवटची भरती. तात्पुरत्या यादीत नाव आलं आणि संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागला: खाकी गणवेश चढवलेला तिचा फोटो, खाली तिरक्या अक्षरांत ‘उत्तुंग भरारी’. नियम कोणालाच आठवला नाही. सगळ्यांच्या तोंडात पेढा होता.

अंतिम यादीत नाव नव्हतं.

तेव्हापासून दुकानाचं शटर अर्धं खाली. मुलगी चौक टाळून बोळातून जाते. संक्रांतीला माझ्याकडे तिळगूळ द्यायला आली तेव्हा म्हणाली, “मावशी, तेवढा फ्लेक्स काढायला लावा ना. मी म्हटलं तर आमचे आप्पा म्हणतात, राहू दे, यादीत बदल हुईल.” तिळगूळ हातात तसाच धरून मी हो म्हणाले.

म्हणून ही बैठक. मामा म्हणाले, “म्या न्हाई चढनार. रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पितोय त्यो.” काकूंचे गुडघे दुखतात. उरले मी. घेतलेलं काम संपवते, अशी माझी ख्याती आहे. मांडववाल्याकडून शिडी आणली, कमरेला विळा खोचला आणि चढले.

अर्ध्यावर शिडी हलायची थांबली. खाली पाहिलं, तर भाऊंनी ती दोन्ही हातांनी धरली होती.

“सावकाश, ताई. वरली गाठ पक्की हाय. माझ्याच हातची हाय.”

“भाऊ, काढू का?”

काढा म्हणाले असते तर काढला असता. नको म्हणाले असते तर खाली उतरले असते. ते शिडी घट्ट धरून वर बघत राहिले, माझ्याकडे नाही. वाऱ्याने फ्लेक्स फुगला आणि खाकीतली पोरगी अगदी माझ्या तोंडासमोर आली.

खालची एक दोरी कापली. दुसऱ्या दोरीकडे हात जाईना.

शिडी अजून टपरीमागे आडवी पडली आहे. मांडववाल्याचे रोज निरोप येतात, मी उद्या देते म्हणून सांगते. वारा सुटला की फ्लेक्सचं मोकळं टोक जरासं तिरकं होऊन संथपणे वर जातं, आणि अर्ध्या शटरखालून भाऊ ते बघत बसतात. तीन दोऱ्या कापायच्या राहिल्या आहेत.