ओठांचा रंग

मी जन्मले तेव्हा माझे ओठ निळसर होते. हृदयाला भोक होतं आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. शाळेत जायच्या आधीच मुंबईला माझं ऑपरेशन झालं आणि ओठ गुलाबी झाले. डॉक्टर म्हणाले, पोरीला आता खेळू दे. आम्ही डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर परत आलो, पण आईची भीती काही गेली नाही.

रोज सकाळी ती मला अंगणात उजेडाला उभी करायची. "ओठ दाव गो बाय. नखं दाव." बघून झालं की मग चहा. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया असंच करतात.

तिसरीत असताना मी मैत्रिणींबरोबर ओढ्याकाठी पोटभर जांभळं खाल्ली. घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं आणि हातातलं सूप पडलं. मी "जांभळं खाल्ली गो" म्हणत होते, पण तिला ऐकूच जात नव्हतं. मला उचलून ती अनवाणी रस्त्यापर्यंत पळाली, जीप थांबवली, शहापूरच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी माझी जीभ बघितली आणि हसले. तिथले सगळेच हसले. आई मात्र पायरीवर बसून राहिली.

त्यानंतर ती शेतावर जायची बंद झाली. मला डोळ्यांआड होऊ देईना. जेवण सुटलं. कधी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाबा आधी समजावत, मग चिडत, मग गप्पच झाले. वाशिंदच्या कारखान्यात काम लागल्यावर तिथेच खोली घेऊन राहू लागले. रविवारी येत आणि मला बाजूला घेऊन सांगत, "तुला काय झालं तरी आईला सांगू नको. तिला सोसत नाय."

मी तेच शिकले. चढावर दम लागला की चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त करून खाली बसायचे. शहापूरला कॉलेजात जाऊ लागले तेव्हा छातीत मधूनच जोराची धडधड सुरू झाली. कोणाला बोलले नाही. आई विचारायची, "बरी हायेस ना?" मी म्हणायचे, "बरी हाय." एक दिवस कॉलेजच्या जिन्यात अंधारी आली आणि मी कोसळले.

आईबरोबर मुंबईला तपासायला गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून होतंय असं?"

मी आईकडे पाहिलं. "कालपासून."

बाईंच्या ते लक्षात आलं असावं. आईला बाहेर बसवून त्यांनी परत विचारलं, तेव्हा मी रडत सगळं सांगितलं. धडधडीचं थोडं, आईचंच जास्त.

मग त्यांनी आईला आत बोलावलं. "ताई, तुम्हाला झोप लागते का? भूक लागते?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "पोर झाली तवापासून नाय."

मला धडधडीच्या गोळ्या मिळाल्या, आईला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिच्याही गोळ्या सुरू झाल्या. बाबांनी पाड्यावर सांगितलं, बीपीच्या आहेत. हळूहळू ती जेवू लागली, नाचणीच्या शेतावर जाऊ लागली. सकाळी मला अंगणात बोलावणं थांबलं.

यंदा तपासणीत कळलं की हृदयाची एक झडप गळते आहे, ती बदलावी लागेल. आई बाहेर बाकावर होती. बाबांचं सांगणं मला आठवलं, पण परतताना आसनगावहून जीपमध्ये बसल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं.

ती बाहेरची सागाची झाडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुला भीती वाटते का गो?"

हे तिने मला आजवर कधी विचारलं नव्हतं.

"वाटते," मी म्हणाले.

"मला पण." तिने माझा हात घेतला आणि पाडा येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी आई उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पेज केली, तिला बसती केली, दोन घास भरवले आणि तिची गोळी हातावर ठेवली. तिने ती गिळली आणि पुन्हा आडवी झाली. मी चूल विझेपर्यंत तिच्या पायाशी बसून राहिले.