आज फक्त कुटुंब

रुग्णालयाच्या धुलाईघरात तिला सगळे आत्याच म्हणत, पिकल्या केसांचा मुकादमसुद्धा. हात चादरींवर, तोंड अखंड चालू आणि विषय एकच: भाची. भावाची पहिली बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून ते पोर आत्याच्याच कुशीत वाढलं. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "पोर आयतं मिळालंय, आता नवरा कशाला फुकटचा?"

भावाने उशिरा दुसरं लग्न केलं आणि मुलगी घरात मुकीच झाली. शाळेत बोले, आत्याच्या कानात कुजबुजे. नव्या आईपुढे मात्र मिठाची गुळणी.

शेवटी सगळे कौटुंबिक समुपदेशनाला गेले. समुपदेशक बाई तरुण, गोड बोलणाऱ्या. दारातच म्हणाल्या, "आज फक्त कुटुंब हं."

आत्याने मागे वळून पाहिलं, आणखी कोण परकं आलंय म्हणून. मग उमजलं, तशी बाहेर बाकावर जाऊन बसली.

बाईंचा सल्ला पुस्तकाला धरून होता. आई, बाप, मूल. चौथं माणूस म्हणजे अडथळा. आत्याने काही महिने वेगळं राहावं, भेटूही नये. घराघरांतून मुलं आत्या-मावश्यांनी वाढवलेली असतात, पण बाईंच्या पुस्तकातल्या घरात एवढी माणसंच नव्हती. आणि धुलाईघरातल्या बाईला विचारायचं तरी काय?

भावाची मान वर होईना. भावजयच रडत सांगायला आली.

"ताई, हे माझं म्हणणं नाही हो."

"अगं, रडतेस काय? पोर बोलेल ना?"

"बाई म्हणतात, बोलेल."

"मग झालं तर!"

मुलगी शाळेत असताना ती निघाली. पोरीच्या समोरून आत्याचा पाय निघाला नसता. पोरीला समजावून सांगायचं काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं आणि ते राहूनच गेलं.

खोटं कशाला बोला, उपाय लागू पडला. पोर आधी भूक लागली म्हणालं, मग शाळेतल्या कागाळ्या सांगू लागलं, मग एक दिवस "आई". भाऊ येऊन सांगे. आत्या ते अख्ख्या धुलाईघराला ऐकवी आणि मग गाठोड्यांच्या आड जाऊन डोळे पुसून येई.

मुदत सरली, तशी भावजय मुलीला घेऊन कामावरच आली. "ताई, चला आता घरी."

आत्याने हात पसरले. मुलगी आईला बिलगून मागे सरली.

"तू का गेलीस? मी काय केलं होतं?"

भावजयीचा चेहरा पांढराफटक पडला. मला जायला सांगितलं, एवढं म्हटलं की आत्या मोकळी होत होती. पण मग पोरीने आईबापाकडे कुठल्या नजरेने पाहिलं असतं?

"तू काही नाही केलंस, बाळा. मलाच कंटाळा आला होता. घराचा, कटकटीचा."

"ताई, अहो..."

"तू गप्प बस गं!"

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग वळली. "आई, चल ना. मला नाही थांबायचं इथे."

आईशी बोलताना तिचा आवाज कसा वाटतो, ते आत्या पहिल्यांदाच ऐकत होती.