दोन काकांचा एक काका

माझ्या मुलीच्या लग्नात मी माझ्या दोन सख्ख्या काकांचा एक काका केला. हाताने नाही, त्यासाठी मी रीतसर प्रोग्रॅम लिहिला होता.

झालं असं, की पाहुण्यांच्या याद्या तीन होत्या: आईची, बायकोची आणि माझी. एकच माणूस तिन्हीत, आणि तीन तऱ्हांनी! एकीत दत्तात्रय, दुसरीत दत्तात्रेय, तिसरीत दत्तत्रेय.

"दुपारी बसू आणि खोडून टाकू," बायको म्हणाली. "तासाभराचं काम."

"हाताने?" मी असा हसलो, जणू तिने मला जात्यावर दळायला सांगितलं होतं. (मी कॉम्प्युटरवर पोट भरतो.)

ते तासाभराचं काम वाचवायला मला दोन रविवार लागले. पण प्रोग्रॅम देखणा झाला! नावातले काना-मात्रा काढून टाकायचे, जोडाक्षराचं ओझं उतरवायचं, आणि कानाला जवळची अक्षरं, म्हणजे प आणि ब, त आणि द, एकच धरायची. उरलेले सांगाडे जुळले की माणूस एक! बटण दाबलं. यादी निम्मी झाली.

"अहो, एवढीच माणसं?" बायकोने विचारलं. "लग्न आहे की सत्यनारायण?"

"बाकीची दोनदा आली होती," मी थाटात म्हणालो.

ती यादी घेऊन माझा मेहुणा काकांच्या गावी, धायरीला, पत्रिका वाटायला गेला. अत्यंत शिस्तीचा माणूस. यादीत नसलेल्या घरी तो पाणीसुद्धा पीत नाही. आता आमच्याकडे बायका दिरांचं नाव घेत नाहीत, लिहीतही नाहीत. माझे काका फक्त आईच्या यादीत होते, त्यामुळे तिथे ते नुसते 'आबा' आणि 'आप्पा'. काना काढा, प आणि ब एक धरा... आलं लक्षात? माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं.

दोघांची घरं भिंतीला भिंत लावून, आणि सामाईक बोअरच्या पाण्यावरून बारा वर्षं बोलणं बंद! आप्पांच्या दारात अक्षता पडल्या, आबांचा उंबरा कोरडा. आबांचा निरोप आला: "बोलावणं न्हाई, येणं न्हाई."

मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला पोहायला आबांनी शिकवलं होतं, खडकवासल्याच्या कालव्यात, पाठीला डबा बांधून.

"आबा नसतील तर मी मांडवात पाऊल ठेवणार नाही," ती म्हणाली. "आणि बाबा, तिथे जाऊन प्रोग्रॅम समजावू नका."

मी धायरी गाठली. आबा ओट्यावर तंबाखू मळत होते.

"आबा, चूक माझी नाही, यंत्राची आहे."

"काय केलं यंत्रानं?"

"त्याला तुम्ही आणि आप्पा एकच माणूस वाटलात."

तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "म्या आन् त्यो? एकच?"

न बोलावणं हा किरकोळ अपमान होता, हे मला त्या क्षणी कळलं.

"पत्रिका न्हाई आली, ती सोसली आसती," आबा कडाडले. "पर त्याच्यात मोजलंस मला?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून आप्पा गरजले, "मला आब्यात कालवलं व्हय रं? ही घे तुझी पत्रिका!" आणि पत्रिका भिंतीवरून उडत माझ्या पायाशी आली. एक काका आणायला गेलो होतो, होता तोही गेला!

मग घाबरून मी तेच केलं, जे मुलीने करू नका म्हणून सांगितलं होतं. काना, मात्रा, सांगाडे, सगळं समजावलं. ऐकता ऐकता आप्पांचं डोकं भिंतीवर उगवलं.

शेवटी आबांनी भिंतीकडे पाहिलं. "तुला समजलं काय?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "तुला?"

"न्हाई. पर पोरगं वाया गेलंय, एवढं समजलं."

"त्याचा बाप बी ह्येच म्हणायचा."

बारा वर्षांतलं पहिलं संभाषण!

लग्नाला दोघं एकाच रिक्षातून आले. मुलीने दोघांच्या पाया पडून घेतलं. मला आहेर म्हणून दोघांत मिळून एकच टोपी होती. "यंत्राच्या मतानं आमी एकच माणूस न्हवं का?" आबांनी विचारलं.

भाऊबंदकी मिटवणारा प्रोग्रॅम लिहिला, असं मी ऑफिसात छाती फुगवून सांगतो. घरी सांगत नाही. कारण दोघं आता रोज संध्याकाळी एकाच ओट्यावर बसून गप्पा मारतात, आणि गप्पांचा विषय कधी बदलत नाही: मी.