ओवीची बाटली सोडवताना

अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, नांदेड मुक्कामी, चौदा महिने वयाच्या एका व्यक्तीची दुधाची बाटली सोडवण्याची जबाबदारी मी स्वतःच्या शिरावर घेतली होती. कुणी दिली नव्हती. घेतली होती!

प्रसंग हसण्यासारखा अजिबात नव्हता. माझी मुलगी माधुरी लातूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. बाळंतपणात थांबलेली नोकरी सोमवारी पुन्हा सुरू होणार होती. सोमवारी ती हजर झाली नाही, तर तिच्या जागेवर बसायला दुसरी बाई तयारच होती. म्हणून ओवीला, म्हणजे माझ्या नातीला, पाळणाघरात ठेवायचं ठरलं. पण तिथल्या बाईंची एकच अट होती. "बाटली चालायची नाही. लेकरू कपानं पीत असेल तरच आणा." आणि ओवी तर बाटली अशी धरून बसायची, जसे आमच्या शाळेचे अध्यक्ष खुर्ची धरून बसतात.

"बाबा, आज गुरुवार. होईल का हो?" माधुरी रडकुंडीला आली होती.

"अगं, पंचवीस वर्षं विज्ञान शिकवतोय मी. नांदेडच्या पोरांच्या गळ्याखाली प्रकाशाचं परावर्तन उतरवलंय. हिच्या गळ्याखाली कपभर दूध नाही उतरणार?"

नवा कप आणला. पिवळा, दोन कानांचा, झाकणाला चोच असलेला. ओवीनं चोच चावली, कप फेकला आणि बाटलीसाठी घर डोक्यावर घेतलं. मी शास्त्रीय पद्धतीनं कप उलटा करून पाहिला. एक थेंब बाहेर येईना!

"मालच खराब आहे," मी निदान केलं. झाकण उघडलं तर आत एक गोल रबर. "हे बघा! पॅकिंगचं रबर काढायचं राहिलंय!" मी ते काढलं आणि दारात आलेल्या घंटागाडीत टाकलं.

(ते रबर दूध एकदम सांडू नये म्हणून मुद्दाम बसवलेलं असतं, हे खोक्यावर छापलेलं होतं. घंटागाडी कोपऱ्यावरून वळल्यावर बायकोनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं.)

पुढच्याच घोटाला दुधाचा लोंढा ओवीच्या नाकात गेला. त्यानंतर कप दिसला की ती किंचाळायची. आणि थोडं खरं सांगायचं तर मीसुद्धा.

शुक्रवारी चाकूरहून आमचे व्याही आले. शेतकरी माणूस, धोतर-शर्ट दुधासारखा पांढरा. (त्या दिवशी ही उपमा फार जवळून पटली.)

"काय चाललंय, पाव्हणं?"

मी सगळी कैफियत मांडली.

"हातिच्या! लेकरू मोठ्याचं बघून शिकतंय. तुम्ही पिऊन दाखिवलं का?"

"दाखवलं की. दोनदा." (चारदा. साखर घातलेली होती.)

"मंग आणा हिकडं. दावतो."

आता आमच्या व्याह्यांची एक रीत आहे. ते कुठल्याही भांड्याला ओठ लावत नाहीत. तांब्या असो, पेला असो, हातभर वर धरायचा आणि धार थेट तोंडात. उष्टं म्हणून करायचं नाही! त्यांनी कप भरून घेतला, मान मागं टाकली, आणि कप वर उचलला. रबर काढल्यापासून झाकण नीट बसत नाही, हे मला माहीत होतं. पण मी मुलीचा बाप. व्याह्यांना "थांबा" म्हणायचं कसं? शब्द जुळवत होतो, "जरासं..." एवढं म्हणालोही.

झाकण निखळलं. पावशेर दूध मिशांवरून, नाकातून, शर्टावरून खाली धोतरात गेलं.

बायकोनं तोंडात पदर कोंबला. माधुरीनं सासऱ्यांकडं बघायचं नाही म्हणून भिंतीकडं तोंड केलं.

आणि ओवी हसली! दोन दिवसांत पहिल्यांदा, पोट धरून हसली, आणि कपासाठी हात पुढं केले. मी त्याच उघड्या कपात दोन घोट दूध घालून दिलं. तिनं तो दोन्ही हातांनी वर धरला, मान मागं टाकली, चिमणीच्या पिलासारखा आ केला आणि सगळं दूध कपाळावर ओतलं.

"शिकली!" मिशा पुसत व्याही ओरडले. "नात कुणाची हाय!"

शनिवार-रविवार आमच्या घरात दुसरं काही झालं नाही. आधी पाणी, मग ताक, मग दूध. सुरुवातीला धार कानात जायची, मग गालावर, मग हनुवटीवर. रविवारी संध्याकाळी मात्र ओवी अर्धा कप दूध वरून प्यायली. थेंब सांडला नाही, ओठ लागला नाही!

"अहो, पण पाळणाघरात हे असलं चालेल का?" बायकोला शंका.

"अट कपाची आहे. ओठ लावायची नाही," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी लातूर. पाळणाघरात सतरंजीवर आठ-दहा लेकरं उघडे कप घेऊन शहाण्यासारखी दूध पीत बसली होती.

"पिते ना कपानं?" बाईंनी विचारलं.

"बघाच!"

ओवीनं कप उचलला. वरून धार. घट, घट, घट.

"अगं बाई! एवढुशी पोर आणि किती हुशार!" बाई थक्क. माधुरीनं डोळे पुसले आणि ती वेळेवर लॅबला पळाली. मी मात्र थांबलो. कौतुक अजून संपलं नव्हतं ना!

तेवढ्यात समोरच्या एका लेकरानं ओवीकडं पाहिलं. मग स्वतःच्या कपाकडं. मग मान मागं टाकली.

त्याचं बघून दुसऱ्यानं. मग तिसरीनं. मग रांगच! दूध डोक्यावर, दूध सतरंजीवर, दूध बाईंच्या साडीवर. "खाली घे! ए, खाली घे!" करत बाई या टोकाकडून त्या टोकाला धावत होत्या. लेकरं आनंदानं ओरडत होती. ओवीला वाटलं, आपलंच कौतुक चाललंय. तिनं रिकामा कप पुढं केला.

"घाबरू नका बाई," मी पंचवीस वर्षांच्या अनुभवानं धीर दिला, "दोन-तीन दिवसांत सगळी तयार होतील."

बाईंनी निथळत्या पदरानिशी हात जोडले.

"सर, तुमची नात खुशाल राहू द्या इथं. पण पाया पडते तुमच्या, उद्या येताना तिची बाटली तेवढी आणा!"